लाल औषधाचे डॉक्टर आणि लेकरांची अडलेली शू

चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या मैत्रिणींना लाल औषधाची बाटली नक्की आठवत असेल. गुडघा फुटला, कोपर खरचटलं की शाळेतल्या बाई कापसाचा बोळा त्यात बुडवून जखमेवर फिरवायच्या. मग आठवडाभर गुडघा लाल आणि फ्रॉकलाही डाग. त्या औषधाचं नाव मर्क्युरोक्रोम. आता ती बाटली घरोघरी दिसत नाही. त्यात पारा असतो, आणि त्याहून चांगली औषधं आता मिळतात. अमेरिकेत तर १९९८ साली सरकारने त्याला सुरक्षित मानल्या जाणाऱ्या औषधांतून बाहेर काढलं.

हे औषध वापरात आणणारे डॉक्टर मुळात जखमांचे डॉक्टर नव्हतेच. ते लघवीच्या आजारांचे डॉक्टर होते. लघवीच्या मार्गातले जंतू मारायला काहीतरी शोधताना त्यांच्या हाती हे लाल पाणी लागलं, आणि पुढे ते जगभरच्या पोरांच्या गुडघ्यांवर जाऊन बसलं. त्यांचं नाव ह्यू हॅम्प्टन यंग. आज त्यांची ओळख करून घ्यायची आहे, ती मात्र या बाटलीसाठी नाही. जन्मतःच लघवीची वाट अडलेल्या मुलग्यांचा आजार जिवंतपणी ओळखता येतो आणि तो अडथळा काढताही येतो, हे त्यांनी दाखवून दिलं, त्यासाठी.

आजार तसा दुर्मीळ. जन्मणाऱ्या पाच ते आठ हजार मुलग्यांत साधारण एकाला होणारा. पण ज्या घरात होतो, त्या घराला हा आकडा काय कामाचा? आपल्या यवतमाळ जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४४-४५ वर जातो. लेकरू शू करताना रडलं, की आपण पहिल्यांदा म्हणतो, उन्हाळी लागली. धन्या-जिऱ्याचं पाणी देतो, सब्जा भिजवतो, जास्त पाणी पाजतो. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतंही. ज्या एखाद्या वेळी भागत नाही, त्या वेळेसाठी ही गोष्ट.

बायकांच्या अटीवर उभं राहिलेलं कॉलेज

यंग यांचा जन्म १८ सप्टेंबर १८७० चा, टेक्सास राज्यातल्या सॅन अँटोनियो गावचा. वडील अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडच्या सैन्यात जनरल होते. मुलगा मात्र पुस्तकांकडे वळला. व्हर्जिनिया विद्यापीठात त्यांनी अवघ्या चार वर्षांत बी.ए., एम.ए. आणि डॉक्टरकी अशा तीन पदव्या मिळवल्या. मग पुढचं शिकायला ते बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलात आले.

या हॉपकिन्सची एक गोष्ट आपल्याला सांगायलाच हवी. हॉस्पिटल १८८९ साली सुरू झालं, पण सोबतचं मेडिकल कॉलेज पैशांवाचून अडलं होतं. तेव्हा मेरी एलिझाबेथ गॅरेट आणि त्यांच्या मैत्रिणींनी पुढाकार घेतला. लागणाऱ्या पाच लाख डॉलरपैकी तीन लाखांहून जास्त रक्कम एकट्या गॅरेट यांनी दिली. पण फुकट नाही दिली! अट घातली, की मुलींना मुलांच्या बरोबरीने, त्याच नियमांनी प्रवेश मिळाला पाहिजे. संचालकांना ती मानावी लागली. १८९३ साली कॉलेज उघडलं तेव्हा पहिल्याच तुकडीत तीन मुली होत्या. आपल्या आनंदीबाई जोशींनी जवळच्याच फिलाडेल्फियात १८८६ साली डॉक्टरकी मिळवली, ती फक्त बायकांसाठी असलेल्या कॉलेजात. त्यानंतर सात वर्षांत बाल्टिमोरला हे घडलं.

तर अशा ठिकाणी तरुण यंग शस्त्रक्रिया शिकत होते. १८९७ साली एक दिवस ते हॉस्पिटलच्या लांबलचक व्हरांड्यात पळत होते आणि कोपऱ्यावर नेमके आपल्या साहेबांवर, म्हणजे त्या काळचे नामवंत सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांच्यावर आदळले. यंग माफी मागू लागले. हॉल्स्टेड म्हणाले, बरं झालं भेटलात, लघवीच्या आजारांचा विभाग तुमच्याकडे द्यायचा आहे. यंग यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, की या विषयातलं मला काहीही येत नाही. त्यावर हॉल्स्टेड यांचं म्हणणं असं, की ते आम्हालाही ठाऊक आहे, पण तुम्ही शिकाल अशी आमची खात्री आहे. सत्ताविसाव्या वर्षी एक अख्खा विभाग अंगावर पडला!

तो विभागही कसा, तर कुणाला नकोसा. लघवीचे आजार आणि गुप्तरोग एकाच टोपलीत टाकलेले. रोगी लाजत, आणि मोठमोठे डॉक्टर तिकडे फिरकत नसत. ज्या गोष्टीचं नाव घ्यायला घरात संकोच, तिच्यावर अभ्यास कोण करणार? यंग यांनी केला. नवी हत्यारं बनवली, जुनी सुधारली, रोग्यांच्या नोंदी नीट ठेवल्या. १९०४ साली त्यांनी पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कॅन्सरवर जी शस्त्रक्रिया केली, तिचं नाव आजही डॉक्टरांच्या पुस्तकांत आहे.

सायकलच्या ट्यूबचा वॉल्व्ह

आता तो आजार काय, ते समजून घेऊ. अवघड नाही.

किडनीत लघवी तयार होते. दोन बाजूंच्या दोन बारीक नळ्यांतून ती खाली लघवीच्या पिशवीत उतरते. पिशवी भरली की एका नळीतून बाहेर पडते. मुलग्यांमध्ये ही शेवटची नळी लांब असते. काही मुलग्यांच्या बाबतीत, आईच्या पोटात असतानाच, या नळीच्या सुरुवातीच्या भागात पातळ पडद्यासारख्या घड्या राहून जातात. कांद्याच्या सालीसारख्या पातळ. पण पिशवी दाबून लघवी बाहेर ढकलू लागली, की या घड्या शिडासारख्या फुगतात आणि वाट अडवतात.

सायकलच्या ट्यूबमधला वॉल्व्ह आठवा. हवा आत जाते, बाहेर येत नाही. इथेही तसंच. बाहेरून बारीक नळी घातली, तर ती सहज आत जाते. जुन्या डॉक्टरांची फसगत झाली ती इथेच. नळी अडली नाही, म्हणजे वाट मोकळी आहे, असं त्यांना वाटे. वाट एकाच दिशेने बंद असू शकते, हे लक्षातच येत नव्हतं.

आणि मग वरचं सगळं बिघडत जातं. पिशवीला प्रत्येक वेळी जोर लावावा लागतो, म्हणून तिची भिंत जाड होते. पाण्याची टाकी तुंबली की पाइपातून पाणी मागे चढतं, तशी लघवी मागे दाब देते. वरच्या नळ्या फुगतात, किडन्या सुजतात. साचलेल्या लघवीत जंतू वाढतात, ताप येतो. हळूहळू किडनीचं काम मंदावतं. सगळं त्या पातळ पडद्यापायी.

यंग यांच्या आधीही हे पडदे कुणी पाहिले नव्हते असं नाही. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातल्या डॉक्टरांनी त्यांच्या नोंदी केल्या होत्या. पण कधी? लेकरू गेल्यावर, शवविच्छेदनाच्या टेबलावर. त्या नोंदी वाचणाऱ्याला कारण कळे, आईला उपयोग शून्य.

शरीराच्या आत पाहायची सोय तोवर झाली होती. जर्मनीतल्या मॅक्स निट्झे यांनी १८७७ साली लघवीच्या पिशवीत डोकावणारी दुर्बीण दाखवली होती. विजेचा दिवा आला, तसा तिच्या टोकाला इवलासा दिवाही बसला. १८९५ साली एक्स-रे आला. यंग यांनी या दोन्ही गोष्टी मनापासून वापरल्या. मोठ्यांच्या आजारांवर हात बसला, तसं त्यांनी मुलांकडेही लक्ष दिलं.

सगळं एकाच वर्षी, १९१९

१९१७ साली यंग यांनी लघवीच्या आजारांवरचं एक मासिक सुरू केलं, जर्नल ऑफ युरॉलॉजी. ते आजही निघतं. त्याच मासिकात १९१९ साली यंग आणि त्यांचे सहकारी फ्राँट्झ व बाल्डविन यांचा लेख छापून आला. विषय होता, मुलग्यांच्या लघवीच्या नळीतला जन्मजात अडथळा.

या लेखात त्यांनी इकडेतिकडे विखुरलेल्या जुन्या नोंदी आणि स्वतः पाहिलेली मुलं एकत्र मांडली. पडद्यांचे तीन प्रकार पाडले. शंभरहून जास्त वर्षं झाली, तरी डॉक्टर आजही हे प्रकार यंग यांच्याच नावाने ओळखतात. त्यातला दुसरा प्रकार खरा अडथळा नाही, असं पुढे ठरलं. पहिला प्रकार मात्र सगळ्यात जास्त मुलांत सापडतो, आणि त्याचं वर्णन त्यांनी अचूक केलं होतं.

प्रकार पाडण्यापेक्षा मोठी गोष्ट होती ती वेगळी. हा आजार जिवंत मुलात शोधता येतो, आणि पडदा कापला तर लघवी मोकळी होते, हे त्यांनी समोर ठेवलं. मोठ्या माणसांच्या प्रोस्टेटसाठी त्यांनी स्वतः एक हत्यार तयार केलं होतं. पोट न फाडता लघवीच्या वाटेनेच आत जायचं आणि अडणारा भाग तेवढा छाटायचा, ही त्यामागची कल्पना. लहान मुलांच्या पडद्यासाठीही हाच विचार पुढे उपयोगी पडला.

गंमत पाहा, मर्क्युरोक्रोमवरचा त्यांचा लेखही १९१९ चाच. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांना थेट अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या घरून बोलावणं आलं. वुड्रो विल्सन यांना अर्धांगवायूचा झटका आला होता, आणि त्यातच त्यांची लघवी अडली. त्यांच्या पत्नी एडिथ यांनी पुढे आपल्या आठवणी लिहिल्या. अशा अशक्त अवस्थेत शस्त्रक्रिया नको, असं आपण ठरवलं, असं त्या सांगतात. शस्त्रक्रिया झाली नाही, आणि अडलेली लघवी आपोआप सुटली. राष्ट्राध्यक्ष असो की पाळण्यातलं लेकरू, शू अडली की जिवाची घालमेल सारखीच.

हिऱ्यांच्या शेठचं दान

यंग यांच्या आयुष्यातला एक रोगी फारच प्रसिद्ध आहे. जेम्स ब्रेडी नावाचा हा माणूस रेल्वेचं साहित्य विकून गडगंज झालेला. अंगावर इतके हिरे, की लोक त्याला डायमंड जिम म्हणत. खाण्याची हौस अफाट, शरीर जाडजूड आणि सोबत मधुमेह. लघवी अडली होती, पण अशा माणसाला भूल द्यायला डॉक्टर धजेनात. १९१२ साली यंग यांनी आपल्या त्या हत्याराने, पोट न फाडता, त्याची वाट मोकळी केली.

ब्रेडीने उपकार विसरला नाही. त्याच्या देणगीतून १९१५ साली हॉपकिन्समध्ये लघवीच्या आजारांची खास संस्था उभी राहिली. लाजिरवाण्या मानलेल्या विषयाला स्वतःची इमारत मिळाली. तिथे शिकलेले डॉक्टर गावोगाव गेले. हळूहळू हा विषय वैद्यकशास्त्राची मानाची शाखा झाला. आपल्या देशातही १९६१ साली लघवीच्या आजारांच्या तज्ज्ञांची संघटना स्थापन झाली, आणि तिचे पहिले अध्यक्ष होते मुंबईचे डॉ. जी. एम. फडके.

पहिल्या महायुद्धात यंग फ्रान्समध्ये अमेरिकन सैन्याबरोबर होते. सैनिकांमधले गुप्तरोग रोखायचं काम त्यांच्याकडे होतं. तिथेही त्यांचा भर आधी काळजी घेण्यावर राहिला. परतल्यावर पुन्हा बाल्टिमोर, पुन्हा रोगी, पुन्हा लिखाण. १९४० साली त्यांनी आत्मचरित्र लिहिलं. २३ ऑगस्ट १९४५ रोजी, वयाच्या पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, ते गेले.

त्यांच्या हातून जे झालं नाही

थोरांच्या चरित्रात सगळंच गोड लिहायची आपल्याला सवय असते. पण खरं सांगायचं, तर यंग यांच्या काळात या आजाराची बरीच मुलं वाचली नाहीत. मुलं यायची तीच उशिरा. तोवर किडन्या गेलेल्या असत. अँटिबायोटिक औषधं नव्हती. पेनिसिलिन सर्वसामान्य रोग्यांपर्यंत पोचायला लागलं, ते ते गेले त्याच सुमारास. बाळाच्या अंगातले क्षार, पाणी नीट मोजून भरून काढायचं तंत्र नवखं होतं. आणि दुर्बीण इतकी जाड, की तान्ह्या बाळाच्या नळीत ती घालणं अवघडच.

लाल औषधावरही त्यांचा जरा जास्तच विश्वास होता. रक्तात जंतू पसरलेल्या रोग्यांना त्यांनी ते शिरेतून दिलं. पुढे तो उपाय टिकला नाही. हुशार माणसाचाही प्रत्येक अंदाज बरोबर येतोच असं नाही.

बाकीचं काम पुढच्या लोकांनी केलं. इंग्लंडमधले शास्त्रज्ञ हॅरॉल्ड हॉपकिन्स यांनी काचेच्या कांड्या वापरून दुर्बिणीची नवी रचना शोधली. त्यांच्या आडनावाचा आणि बाल्टिमोरच्या हॉस्पिटलचा काही संबंध नाही. त्या रचनेमुळे दुर्बीण बारीक झाली आणि आतलं स्वच्छ दिसू लागलं. आज तान्ह्या बाळासाठी जेमतेम पावणेतीन मिलिमीटर जाडीची दुर्बीण मिळते. आणि सोनोग्राफी आली, तेव्हा तर हा आजार जन्माआधीच हेरता येऊ लागला.

आज बाळाला कसं तपासतात?

गरोदरपणात पाचव्या महिन्याच्या आसपास बाळाच्या अवयवांची सोनोग्राफी करतात. बाळाभोवतीचं पाणी त्या महिन्यांत मुख्यतः बाळाच्या लघवीचंच असतं. त्यामुळे वाट अडली, की पाणी कमी होतं. पाणी कमी, तर बाळाच्या फुप्फुसांची वाढही खुंटते. सोनोग्राफीत पिशवी मोठी, तिची भिंत जाड आणि दोन्ही किडन्या सुजलेल्या दिसल्या, तर डॉक्टर सावध होतात. मुलगा की मुलगी हे ते सांगणार नाहीत, आपणही विचारायचं नाही, तो गुन्हा आहे. पण पाणी पुरेसं आहे का, किडन्या नीट आहेत का, हे विचारायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. शंका असेल, तर बाळंतपण कुठे करायचं हे आधीच ठरवता येतं.

जन्मानंतर आधी एक मऊ, बारीक नळी घालून तुंबलेली लघवी मोकळी करतात. जंतुसंसर्गावर औषध देतात, रक्त तपासून किडनीचं काम पाहतात. मग एक खास एक्स-रे काढतात. त्याला एमसीयू म्हणतात. नळीतून पिशवीत औषध भरायचं आणि बाळ शू करत असतानाच फोटो काढायचा. अडलेली जागा त्यात दिसते. सायकलच्या वॉल्व्हचं कोडं असं सुटतं, कारण लघवी बाहेर येताना काय होतं, हेच त्यात पाहिलं जातं.

त्यानंतर भूल देऊन दुर्बिणीतून पडदा कापतात किंवा विजेच्या बारीक तारेने जाळतात. अंगावर टाका नाही. बाळ फारच लहान असेल आणि दुर्बीण जात नसेल, तर ओटीपोटावर तात्पुरतं छिद्र ठेवून लघवी बाहेर काढतात आणि बाळ वाढल्यावर पुढचं करतात. ते छिद्र पाहून आई घाबरते, पण किडनी वाचवायला ते ठेवलेलं असतं.

एक गोष्ट मात्र मनात पक्की करायला हवी. पडदा काढला म्हणजे आजार संपला, असं नाही. जोर लावून लावून जाड झालेली पिशवी लगेच मऊ होत नाही. किडनीला आधी झालेली इजा भरून येत नाही. उपचार झालेल्या मुलांपैकीही साधारण दर चार-पाचांमागे एकाची किडनी तरुण होईपर्यंत निकामी होऊ शकते. म्हणून धार छान आली, तरी दर काही महिन्यांनी रक्त, लघवी, रक्तदाब आणि सोनोग्राफी तपासायची. मुलगा मोठा झाला, तरी तपासणी सोडायची नाही. शाळेत ठरावीक वेळी शूला सोडावं, म्हणून बाईंना सांगून ठेवायचं.

हा पडद्याचा आजार फक्त मुलग्यांना होतो. पण किडनीतून नळी निघते तिथेच अडथळा असणं, हे मुलगे आणि मुली दोघांतही आढळतं. त्यात एका बाजूची किडनी सुजलेली दिसते. त्यातल्या बऱ्याच बाळांना शस्त्रक्रिया लागतही नाही, नुसतं लक्ष ठेवावं लागतं. आणि मुलगी नीट शूला जाते, तरी दिवसभर चड्डी सतत थेंबाथेंबाने ओली राहते, असं असेल, तर तिला रागावू नका. नळी चुकीच्या जागी उघडत असण्याची शक्यता असते. तिला तपासून घ्या.

आपण काय पाहायचं?

कपाशी वेचायला गेलेली आई झोळी वावराच्या धुऱ्यावर बांधते. दुपटं बदलायला थोरली लेक किंवा आजी असते. म्हणून या खुणा घरातल्या सगळ्यांना ठाऊक हव्यात.

- जन्मानंतर २४ तासांत बाळाला शू झाली का? नसेल, तर नर्सबाईंना लगेच सांगा.
- मुलग्याची धार लांब, कमानीसारखी उडते का? नेहमीच थेंब थेंब पडत असेल, तर ते साधं नाही.
- शू करताना बाळ कुंथतं, लाल होतं, रडतं का?
- शू झाल्यावरही ओटीपोटात गोळ्यासारखं टणक लागतं का?
- सर्दी-खोकला काही नसताना पुन्हा पुन्हा ताप येतो का? अशा तापात लघवी तपासायला सांगा.
- वजन वाढत नाही, उलट्या होतात, दूध ओढत नाही, असं आहे का?
- पाच-सहा वर्षांचा मुलगा दिवसाही कपडे ओले करतो आणि धारही बारीक आहे का? फक्त रात्री अंथरूण ओलं होणं बहुतेक वेळा साधं असतं, पण दिवसाचं ओलं होणं दाखवून घ्या.

यातलं काही दिसलं, तर धन्याचं पाणी देत आठवडा घालवू नका. ताप आणि शू बंद असं एकत्र असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आशाताईंना सांगा. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत आणि शाळांत मुलं तपासायला येतात, त्यांच्यासमोर हे बोला. यवतमाळचं वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जिल्ह्याच्या हाताशी आहे. पुढे सेवाग्राम, सावंगी, नागपूर आहेत, आणि पुसद-उमरखेडच्या बायकांना नांदेड जवळ पडतं. तिथे लहान मुलांचे सर्जन कोण आहेत, असं विचारा. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत हा उपचार बसतो का, हे हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राकडून पैसे भरायच्या आधी विचारून घ्या. गरोदरपणातली सोनोग्राफीची फाइल सोबत न्या. मोबाइलवर बाळाच्या धारेचा छोटासा व्हिडिओ काढून ठेवला, तर डॉक्टरांना दहा वाक्यांत सांगावं लागत नाही.

आणि एक. अशा बाळाच्या आईला घरात फार बोल लागतात. हिने थंड खाल्लं, हिने नीट जपलं नाही, हिला नजर सांभाळता आली नाही. तो पडदा गर्भाची घडण होत असताना पहिल्या काही आठवड्यांतच तयार होतो. आईच्या खाण्यापिण्याने तो येत नाही आणि जपण्याने टळत नाही. तिच्यामागे बोलण्यात जे दिवस जातात, ते बाळाच्या किडनीचे जातात. सव्वाशे वर्षांपूर्वी एका तरुण डॉक्टराने आपल्याला काही येत नाही हे मान्य केलं, आणि मग पाहून पाहून शिकत गेला. आपल्यालाही पाहायचंच आहे. दुपटं बदलताना क्षणभर थांबून, धार कशी आहे एवढंच.